चिखल धुतल्यावर

बोस, क्वेबेक
२० मार्च

प्रिय क्लेर्मोंदादा,

फ्लोरिडात तू आणि वहिनी मजेत असाल. इकडे बर्फ वितळू लागलंय, रस्त्यात बर्फावर टाकलेल्या मिठाचा नुसता रेंदा आहे. आईचा खोकला कमी आहे. फोनवर तू माझं बोलणं मध्येच तोडतोस, म्हणून लिहितो.

काल सकाळी संत जोसेफच्या सणाची मिस्सा आटोपून आलो आणि थेट विकायच्या लाल ट्रकखाली शिरलो. "धुऊ नकोस, वरून काळं तेल मार. त्या चिखलानंच तर ट्रक धरून ठेवलाय," असं तू हसत सांगितलं होतंस. मी धुतला. मागच्या चाकांच्या वर, चॅसीच्या लोखंडी सांगाड्याच्या आतल्या बाजूला, हिवाळाभराचा चिखल मिठासकट दगडासारखा बसला होता. गरम पाण्याच्या फवाऱ्यानं तासाभरात तो लादीसारखा सुटून पडला. मग हातोडी मारली. चांगलं लोखंड वाजतं. हे वाजलं नाही. गंजातून हातोडी आत गेली.

दहाला मार्येल बोल्दुक ट्रक न्यायला आली.

"सणाच्या दिवशी ट्रकखाली? दोना, देव रागावेल हो."

"तो खालूनही बघतो. तूही ये, बघ."

गवताच्या गासड्या उचलणारी बाई ती, चिखलात पाठ टेकायला कचरली नाही. तिचा हात धरून मी भोकावर ठेवला.

"तुझा भाऊ तर म्हणाला, अजून दहा हिवाळे काढेल."

"भावानं खाली वाकून बघितलं नव्हतं."

ती रिकाम्या हातानं गेली. ट्रक फाटकापाशी उभा आहे, भोकाभोवती मी खडूनं गोल केलाय. तो पुसायचा नाही.

तू ओरडशील. ओरड. गावच्या शाळेतून तू मला गॅरेजवर आणलंस, आता पन्नाशी आली. तुझ्या शब्दाबाहेर कधी गेलो नाही. तेच चुकलं.

आपलं गिऱ्हाईक सिल्वां, त्याचा ट्रक आठव. मागल्या ऑक्टोबरात तो मी न धुता काळा केला. सांगितलंस तू, पण तेलाची नळी माझ्या हातात होती, आणि खाली काय आहे ते मला ठाऊक होतं. जानेवारीत उतारावर त्याची मागची चाकं चॅसीपासून निखळली. सगळे म्हणाले, बर्फावरून घसरला. मीही म्हणालो. आता तो पाय ओढत येऊन चर्चमध्ये माझ्यापुढच्या बाकावर बसतो आणि दर रविवारी वळून, "शांती असो, दोना," म्हणत माझा हात हातात घेतो.

फादरांपुढे मी कबूल केलं. त्यांनी क्षमा केली. पण पाय फादरांचा मोडला नव्हता.

म्हणून आज दुपारी सिल्वांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, तुझं नावही. त्यानं काठी उचलून मांडीवर आडवी ठेवली. मग एवढंच विचारलं, "क्लेर्मों कधी येतोय?"

ईस्टरला, असं मी सांगितलंय.

त्याच्या ट्रकखाली झोपून तेल मारणारा,
तुझा धाकटा भाऊ
दोना