आईची नक्कल

दि. १४ मार्च

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद. (हाताच्या सवयीने आधी ‘सौ.’ लिहिलं गेलं होतं. खोडलं आहे.)

तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. नवीन डिस्क एक, वायरी दोन, तुझ्या हातचा चार पानी कागद. टपालखर्च तू भरलेलाच होता. दुरुस्तीवाल्याचे तीनशे मी दिले. मागत नाही, नोंद असावी म्हणून लिहिलं.

इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक. ह्यांचा गुडघा आहे तसाच. छकुलीचा खोकला थांबला का?

कागद छान लिहिलास. ‘आई, बॅकअप म्हणजे नक्कल’ हे वाचून बरं वाटलं, की सासूला कळेल अशा भाषेत लिहिलंस. एका घरात तीन कॉम्प्युटर आणि तिघांच्या तीन तऱ्हा: ह्यांचा विंडोजवाला, तुझा मॅक, आणि माझ्या मुलाचा तो लिनक्स, ज्याचं लिहिलेलं बाकी दोघांना वाचता येत नाही. म्हणून आधी त्याच्या कॉम्प्युटरवरचं सगळं तुझ्या नव्या डिस्कवर उतरवायचं, मग दुरुस्तीवाल्याकडून त्याच्या आतली जुनी डिस्क काढून घ्यायची आणि दोन्ही तुला पाठवायच्या. फोटो तुझ्याकडे आहेत, आवाज मात्र फक्त तिथेच आहे, आणि छकुली बाबाचा आवाज विसरत चालली आहे, असं तू लिहिलंस. वाचून डोळ्यांत पाणी आलं.

तर सांगायचं असं, की ते झालं नाही.

जुनी डिस्क काढून आणली आणि ह्यांच्या कॉम्प्युटरला लावली. त्याला ती वाचता येईना. ‘फॉरमॅट करायची का’ म्हणून त्याने विचारलं. मी ‘हो’ दाबलं. चूक माणसाच्या हातून होते.

हे शेजारीच बसले होते. म्हणाले, “अगं, तिने लाल शाईत लिहिलंय ना, इथे ‘नाही’ म्हणा म्हणून!”

मी म्हटलं, “मला वाचता येतं. मॅट्रिक आहे मी.”

ते उठून बाहेर गेले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. जेवतात मात्र वेळेवर.

दुरुस्तीवाला भला माणूस. फोनवर म्हणाला, “काकू, घाबरू नका. नुसतं वरवरचं पुसलंय, परत काढून देतो. फक्त तिला आता हात लावू नका.” मी विचारलं, “आणि आतपर्यंत पुसायचं असलं तर?” तो हसला. त्याला वाटलं म्हातारी गंमत करते आहे. म्हणाला, “मग पुन्हा फॉरमॅट करताना ‘क्विक’वरची खूण काढायची, आणि बसायचं चार तास.”

मी बसले. चार नाही, साडेपाच तास लागले. जपाच्या तेवढ्याच माळा झाल्या. दुरुस्तीवाल्याने नंतर पाहिली आणि म्हणाला, “आता देव आला तरी काही निघायचं नाही.” देवाला मधे आणू नकोस, असं मी त्याला सांगितलं.

आता का ते लिहिते. तुझा कागद आला त्याच दिवशी मी मुलाचा कॉम्प्युटर लावून आत काय काय आहे त्याची वहीत यादी करत होते. एका फोल्डरवर नाव होतं, ‘आईची नक्कल’. मला वाटलं, जाण्याआधी लेकराने माझ्यासाठी म्हणून एक प्रत वेगळी काढून ठेवली. नमस्कार करून उघडलं.

अठरा नकला होत्या. माझ्या, त्याने केलेल्या. मी कपातली साखर परत डब्यात कशी टाकते. मी शिंकते कशी. “देवा, सगळ्यांना सुखी ठेव... अरे नळ कोण बंद करणार, तुझा बाप?” हुबेहूब. आणि प्रत्येक वेळी मागून तू: “पुरे रे, पोट दुखलं! आता ती रडतानाची कर.”

रडतानाचीही होती. माझी आई गेली त्या दिवसाची.

सगळ्या अठरा ऐकल्या. अर्ध्यावर उठायची मला सवय नाही.

तुझी नवी डिस्क कोरीच परत पाठवते आहे, पुन्हा कधी उपयोगी पडेल. आणि तू जीव जाळू नकोस. त्या अठरांत छकुलीच्या बाबाचा आवाज नव्हताच. शोधून शोधून दमले, एकदाही स्वतःच्या आवाजात बोलला नाही. होता तो माझा आवाज. तो अजून शाबूत आहे आणि या घरात रोज पहाटेपासून चालू असतो.

पोरीला ऐकवायचाच असेल तर तिला इकडे पाठव. एकटीला. शाळा इथेही आहे, दाखला मात्र सोबत दे. तू येऊ नकोस, तुला हसू आवरत नाही.

कोणत्या तारखेला पाठवतेस ते उलट टपाली कळव.

तुझ्या नवऱ्याची आई