समोरचे दोन दात

४ मार्च

फोटो काढायचेत म्हणे! लग्नातले नव्हेत, लग्नाआधीचे. दोघांनी मिळून. नणंदबाईंनी आज घरी येऊन फर्मान काढलं. अजून नणंद व्हायची आहे ती, पण कामाला आत्तापासूनच लागली. "अगं, हल्ली सगळे काढतात." सगळ्यांना सर्दीही होते, म्हणून मी मुद्दाम करून घेऊ?

तिने फोनवर नमुने दाखवले. एक जोडपं गवतात लोळतंय. एक जोडपं छत्रीत उभं, वर लख्ख ऊन. एकाने दुसरीच्या कपाळाला कपाळ लावलंय आणि दोघांचे डोळे मिटलेले – ताप बघतायत की काय!

मास्तर, म्हणजे माझा होणारा नवरा, शेजारी बसून "छान आहे, छान आहे" करत होता. त्याला काय! दिवसभर शिकाऊ लोकांच्या हातात स्टिअरिंग देऊन शेजारी बसायचं, हाच त्याचा धंदा. त्याला कशाचीच भीती वाटत नाही. बहीण सोडून.

६ मार्च

कपड्यांवरून डोक्याला ताप. दोघांनी एकाच रंगाचं घालायचं! बँडवाले आहोत का आम्ही? मी राखाडी म्हटलं तर नणंदबाईंनी असं नाक मुरडलं की बस. "राखाडी? फोटोत भिंतीसारखी दिसशील." मग आकाशी ठरला. मास्तरने दुकानात पाच शर्ट घालून बघितले आणि प्रत्येकात तो ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तरच दिसला.

आई माझ्या बाजूची असेल असं वाटलं होतं. छे! ती म्हणते, "आमच्या वेळी एकच फोटो होता. त्यात तुझ्या बाबांचे डोळे मिटलेले. मी जन्मभर तोच बघतेय."

९ मार्च

आज फोटोवाल्याच्या स्टुडिओत सराव. सराव! म्हणजे हसण्याची तालीम. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर कवळ्या आणि दातांच्या कॅपा बनवते. आणि हा पोरगेलेसा बुचडेवाला मला शिकवणार की दात कसे दाखवायचे!

"सहज हसा," म्हणतो. "एकमेकांत हरवून जा." अरे, चार दिवे तोंडावर, मागे निळा पडदा, पडद्यामागे त्याचा डबा उघडाच – हरवणार तरी कुठे?

मास्तर तर पारच खांब झाला. ओठ घट्ट मिटून उभा. फोटोवाला ओरडला, "दादा, दात कुठे गेले? घरी ठेवून आलात?" मग एकदाचा तो हसला, मोकळा. फोटोवाल्याने लगेच मोठ्या पडद्यावर दाखवलं. समोरच्या दोन दातांमध्ये ही एवढी फट, त्यात एकाचा कोपरा उडालेला. मी म्हटलं, "हा फोटो खिडकीजवळ लावू. तेवढीच हवा खेळती राहील!"

काय हशा पिकला! फोटोवाला, नणंदबाई, दिवे धरणारी मुलगी, सगळे. मास्तरही हसला. पण तोंडावर हात धरून.

विनोद मस्त जमला होता. घरी आल्यावर आईला सांगितला. ती हसली नाही.

१० मार्च

त्या दाताबद्दल लिहून ठेवते. इथे कोण वाचतंय!

तो कोपरा माझ्यामुळे गेला. मी गाडी शिकत होते तेव्हाची गोष्ट. त्याचं पेन खाली पडलं, ते घ्यायला तो वाकला, आणि नेमकं समोर कुत्रं आलं. मी ब्रेकवर उभी राहिले म्हटलं तरी चालेल. त्याचं तोंड डॅशबोर्डवर. मला वाटलं, आता शिव्या देईल, हाकलून देईल. त्याने ओठावरचं रक्त पुसलं, तुटलेला तुकडा तळहातावर घेऊन बघितला आणि हसायलाच लागला. "ब्रेक मात्र उत्तम लागतो हं तुमचा!"

नंतर मी म्हटलं, लॅबमध्ये करून देते दात, खर्चही नको. "राहू दे," म्हणाला. "एवढी तुमची आठवण असू दे."

पुढे स्थळ म्हणून त्याच्या घरून विचारणा आली तेव्हा आईने विचारलं होतं, काय आवडलं तुला त्याच्यात? मी म्हटलं, स्वभाव शांत आहे. शांत कसला! मी त्या हसण्याला हो म्हटलं. दिवसभर सरळ, एकसारखे दात बघून डोळे शिणतात माझे. तो हसला की वाटतं, हा माणूस माझ्यापासून काही लपवणार नाही. हे त्याला सांगितलं का? वेडी आहे का मी! डोक्यावर बसेल.

१३ मार्च

आज भेटायचं ठरलं होतं. त्याने रद्द केलं. "तोंड आलंय गं. बोलवत नाही." म्हटलं, तिखट कमी खा. "हं," म्हणाला आणि ठेवला फोन.

१४ मार्च

लॅबमध्ये घाईचं काम आलं. वरचे समोरचे दोन, घासून बारीक खुंट केलेले, त्यांच्यावर बसवायला कॅपा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी: पांढरे, सरळ, एकसारखे, पेशंटचे फोटो आहेत, त्याआधी हवेत.

म्हणजे आणखी एक फोटोवेडा! गावाला झालंय तरी काय? चांगले धडधाकट दात घासून घेतले असतील शहाण्याने. कुणी पुढारी असणार, नाहीतर कुणाचा तरी नवरदेव. आमच्याकडे तोंडाला नाव नसतं, नंबर असतो. बरं आहे ते. नाव असतं तर फोन करून चार शब्द सुनावले असते.

प्लास्टरच्या साच्यात खालचे दात दाटीवाटीने उभे आहेत. ते मात्र छान आहेत. बेशिस्त, पण जिवंत.

१७ मार्च

मास्तर दारात येऊन गेला. आत नाही आला. आकाशी शर्टाचं माप वाढवून आणलंय, एवढंच सांगायला आला होता. तोंडावर रुमाल. मी म्हटलं, "अजून बरं नाही? दाखव बघू." तर दोन पावलं मागे! जणू मी चावणार आहे. सगळी बोलणी रुमालातून. डोळे माझ्याकडे नाहीत, चपलांच्या स्टँडकडे.

एवढ्या दिवसांत कधी दारातून परत गेलेला नाही हा माणूस. आईने चहाचं विचारलं, तर "गरम चालत नाही" म्हणून पळालाच.

काहीतरी शिजतंय.

१८ मार्च

नणंदबाईंना फोन केला. सहज विचारल्यासारखं केलं. ती म्हणते, "त्याला जरा वेळ दे गं. फोटोच्या दिवशी कळेल सगळं." आणि हसली.

कळेल म्हणजे? काय कळेल? नको असेल लग्न तर तोंडावर सांगावं माणसाने! फोटोवाल्यासमोर, दिवे लावून सांगणार आहेत का?

१९ मार्च

कॅपा झाल्या. भट्टीतून काढल्या तेव्हा माझ्याच मनात आलं, बाई, हात आहे तुझा! दुधाळ नाहीत, भिंतीला चुना फासल्यासारख्या नाहीत, टोकाला किंचित पाण्यासारखा रंग उतरलाय. त्या फोटोवेड्याची लायकी नाही एवढ्या चांगल्या कामाची.

माझी खोड मात्र केलीच. डाव्या दाताचा आतला कोपरा उजव्यापेक्षा किंचित गोल ठेवला. नेहमीच ठेवते. दोन दात अगदी जुळे कुणाच्या तोंडात नसतात. मालकांच्या नजरेतून सुटलं नाही. "पुन्हा तुझं ते! चिठ्ठीत एकसारखे लिहिलंय ना?" मी म्हटलं, "डॉक्टरांना दिसणार नाही." "मग करतेस कशाला?" "मला दिसतं." त्यांनी कपाळावर हात मारला आणि पुडकं पाठवून दिलं.

२१ मार्च

फोन नाही. मी केला तर "क्लास चालू आहे." संध्याकाळी पुन्हा केला – तेच. कुठली बाई एवढा वेळ रिव्हर्स शिकते?

आई म्हणाली, "तू त्याला काही बोललीस का?" मी काय बोलणार! मी तर नेहमीसारखीच बोलते. आई म्हणाली, "तेच म्हणतेय मी."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. खोलीत येऊन बसले. आणि मग, लिहायलाही लाज वाटते, रडू आलं. म्हणजे मला हा माणूस हवाय तर! फोटोंच्या नावाने बोटं मोडत बसले आणि हे आज कळतंय. त्याने उद्या येऊन "नको" म्हटलं, तर मी ते हसणं कुठून आणू?

२३ मार्च

उद्या फोटो. आकाशी ड्रेसला इस्त्री केली. खरंच भिंतीसारखी दिसत नाही मी त्यात. हे नणंदबाईंना कधीही सांगणार नाही.

त्याचा निरोप आला: "उद्या वेळेवर ये हं. तोंड बरं झालं." पुढे हसरा चेहरा. हुश्श! म्हणजे लग्न मोडत नाहीये. मग एवढे दिवस घोडं कुठे पेंड खात होतं देव जाणे.

ठरवलंय. उद्या सगळ्यांसमोर सांगून टाकणार, डोक्यावर बसला तर बसला. म्हणणार, मास्तर, ओठ मिटू नकोस. ती फट दिसू दे, तो माझा तुटका कोपराही दिसू दे. मला तोच फोटो हवाय. खिडकीजवळ नाही, पलंगासमोर लावायला. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. पार बावळटासारखं वाटलं. तरी म्हणणारच.

२४ मार्च

तो पाठमोरा उभा होता. दिवे लागले तसा वळला आणि हसला. रुमाल नाही, हात नाही. पांढरे, सरळ. फट बुजलेली. डावा आतला कोपरा उजव्यापेक्षा किंचित गोल.

"कसे दिसतात?" त्याने विचारलं. "तुझ्यासाठी गं. डॉक्टर म्हणाले, कॅपा ज्याने कुणी केल्यात त्याचा हात सोन्याचा आहे."

मी म्हटलं, "छान आहेत."

मग फोटोवाला ओरडला, "ताई! आता तुमचे दात कुठे गेले?"