लेडी कॉन्स्टन्सचा ठसा

७ जानेवारी १९८०

बऱ्याच वर्षांपूर्वीची ती सकाळ आज आठवली — राख काढून झाली होती, दुधाच्या बाटल्या आत घेतल्या होत्या, माझ्या नवऱ्याच्या, लुशियनच्या, डब्यात पाव आणि कोबी भरत होते. तेवढ्यात तो मागच्या दारानं आत आला. हातात रुळांकडेचं रानगाजर, फुलासकट, मुळासकट. माझ्या पुसलेल्या टेबलावर सगळी माती. "स्टेफा, हे पोलादात उलटं कोरायचं. म्हणजे चमच्यावर सुलटं उमटतं." मी म्हटलं, आधी टेबल पूस. पुसलं नाही. फुलाकडे बघत बसला.

लुशियन इथल्या चांदीच्या चमच्यांच्या कारखान्यात ठसे कोरायचा; त्या तणाच्या नक्षीचं कारखान्यानं नाव ठेवलं 'लेडी कॉन्स्टन्स'. लग्न ठरलेल्या मुली वर्षानुवर्षं तीच नक्षी मागत आल्या. लुशियनला हसू आवरायचं नाही — "रुळांकडेचं गवत, आणि म्हणे लेडी."

गेल्या ईस्टरला तो गेला. आता माझ्या टेबलावर कुणी माती सांडत नाही.

९ जानेवारी

चांदीचा भाव वेड लागल्यासारखा चढतोय. कारखान्यानं चमचे काढणं थांबवलं. आता लोकांकडूनच जुने घ्यायचे आणि आटवायचे! नव्या मालकांचे साहेब, मि. ट्रेडवे, यांनी मला पॉलिशवरून काढून पुढच्या खिडकीत बसवलं. (हे मालक न्यूयॉर्कचे. गोठवलेली मासळीही विकतात.) "मिसेस कुलेशा, तुम्ही नुसता चमचा उलटा करायचा आणि सांगायचं — अस्सल की मुलामा."

हे मला कोण शिकवणार? या गावात जेवायला बसलं की आधी चमचा उलटा करतात. लुशियनला पुरून आल्यावरच्या जेवणात फादरनीसुद्धा काटा उलटा करून पाहिला होता.

आमची खूण बगळ्याची. डावीकडे बघणारा असला तर अस्सल चांदी, उजवीकडे बघणारा असला तर मुलामा. गावाबाहेर हे कुणाला ठाऊक नाही. म्हणून रांगेतली माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी असतात.

१४ जानेवारी

वाचनालयातून कारखान्याच्या इतिहासाचं पुस्तक आणलं. हॉलिस बंधू आधी कथलाची बटणं करून घोडागाडीतून विकायचे. मग आगगाडीतल्या जेवणाच्या डब्यांसाठी चांदीची भांडी, युद्धात डॉक्टरांच्या सुऱ्या, युद्धानंतर नवऱ्या मुलींचे संच. मग बाहेरून स्वस्त स्टील आलं आणि उतरण लागली. चांगलं लिहिलंय. मालकांचे फोटो भरपूर. ठसे कोरणाऱ्यांवर एकच ओळ — 'परदेशातून आलेले कुशल हात'.

हातांना नाव होतं.

१५ जानेवारी

आज रानगाजराचे संच आले. सगळे डावे. आटवायच्या पिंपात टाकले.

१८ जानेवारी

यादविगा माझ्या शेजारी वजनकाट्यावर बसते. आज म्हणाली, "असं तोंड करू नकोस गं. गिऱ्हाइकाला वाटतं, तू त्याच्या आईला शिव्या देतेयस."

मी म्हटलं, लुशियनचं काम मी माझ्या हातानं आटवायला पाठवतेय.

"वर ठशांच्या खोलीत ठसा आहे ना त्याचा? मग झालं. भाव उतरला की पुन्हा काढतील."

तेवढ्यावर आठवडा निघाला.

२३ जानेवारी

ठशांची खोली रिकामी करतायत. अंगणात भंगारवाल्याचा ट्रक. मी मि. ट्रेडवेंकडे गेले. म्हटलं, लेडी कॉन्स्टन्सचा ठसा मला द्या, विकत घेते.

"मिसेस कुलेशा, उद्या कुणीही आमच्या नावानं चमचे काढेल त्यातून."

"माझ्याकडे आहे काय चमचे काढायला? लाटणं?"

हसले. माणूस वाईट नाही. पण नियम म्हणे. आधी तोडायचे, मगच भंगारात द्यायचे.

मी तिथेच उभी राहिले. गॅसच्या ज्योतीनं कापला. कापण्याआधी बघायला मिळाला — फूल उलटं होतं, लुशियननं कोरलं होतं तसंच. मग दोन तुकडे. बाकीच्यांवर फेकले.

२४ जानेवारी

काही नाही.

२८ जानेवारी

आता लेडी कॉन्स्टन्स लोकांच्या घरातल्या खणांमध्ये जेवढं आहे तेवढंच. आणि लोक तेच खण रिकामे करून आणतायत.

३० जानेवारी

खिडकी बंद करताना व्हरमाँटहून एक जोडपं आलं. पोरसवदाच. तिच्या आजीची लाकडी पेटी. झाकण उघडलं — लेडी कॉन्स्टन्स. अख्खा संच, एक चमचा कमी नाही. मीठ घ्यायची चमचीसुद्धा! इतका पुरा संच मी कारखान्यातही क्वचित पाहिला असेल.

"घराचं छप्पर गळतंय हो," तो म्हणाला. "हे विकून तेवढं करून घेऊ."

तिनं विचारलं, "हे खरं आहे ना?"

मी म्हटलं, उद्या सकाळी या. उजेडात बघते.

३१ जानेवारी

दोघं आली. मी चमचा उलटा केला. बगळा डावीकडे बघत होता.

मुलामा आहे, असं मी सांगितलं. आटवून काही हाती लागायचं नाही, घरी न्या, रोज जेवा यानं.

तिचे डोळे भरून आले. त्यानं पेटी उचलली. यादविगानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.