नारळाआधीची लाट

१० जुलै १९५५, रविवार. वेसावे.

आलो एकदाचा! अंधेरीच्या बसचा कंडक्टर म्हणत होता, फळीला बस नाही, बैलगाडी बघा. चांगलं दहा जणांसमोर भांडून फळीसकट आत चढलो. सावरीच्या लाकडाची, मेण चोळून गुळगुळीत केलेली, माझ्याहून उंच. माशांच्या टोपल्यांवर आडवी ठेवली, त्यावरून कोळणींनी माझे पूर्वज काढले ते वेगळंच.

आमच्या पोहण्याच्या क्लबातल्या एका मेंबराने परदेशात फळीवर उभं राहून लाटेवरून येण्याचा खेळ पाहिला, आणि आता सगळ्यांना तेच डोहाळे लागलेत. शिकवणारा मी, तेव्हा लाटा बघायलाही मीच. कोणत्या महिन्यात, कोणत्या भरतीला, कोणत्या वाऱ्यात इथे यावं, ते नीट ठरवून सांगायचं. म्हणजे फुकटची हवापालट! उत्तराला घाटकोपरला ठेवून आलो. सहावा महिना आहे, पण म्हणाली, तुम्ही नसलात तर तेवढाच आराम.

वाळूलगतचं शेवटचं घर मालन कोळणीचं, त्याची पुढची खोली मला. तिने आल्याआल्या बजावलं की बघायचं तेवढं काठावरून बघ, पण नारळी पुनवेला नारळ पडेपर्यंत दर्या बंद, पाण्यात पाय घालायचा नाही. मी मान हलवली. लग्न झाल्यापासून त्याची सवय आहे.

१५ जुलै

बरंच कळायला लागलंय. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, पाणी मरगळलेलं. अमावस्या-पुनवेकडे उधाण येतं आणि लाटेला अंग येतं. भरती निम्मी झाली की पुढचा तासभर सर्वांत उत्तम. नैर्ऋत्येचा वारा सुटला की सगळा गुंता. सकाळी तो थांबतो तेव्हाच लाट स्वच्छ उभी राहते. शिकाऊ माणसांनी भाद्रपद संपल्यावर यावं, आत्ता नाही.

पण काळ्या खडकांपलीकडे एक लाट आहे. बाकी समुद्र गढूळ आणि अस्ताव्यस्त, ही मात्र डावीकडून उजवीकडे अशी उलगडत येते की साडीचा काठच कुणी सोडतंय. होड्या सगळ्या झापांखाली ओढून ठेवलेल्या, पाण्यात चिटपाखरू नाही. हात शिवशिवतात.

१९ जुलै, अमावस्या

गेलो! उभा राहिलो! खडकांपासून थेट वाळूपर्यंत. इतका आनंद मला आजवर कशाने झाला नव्हता, खोटं कशाला बोलू.

परत आलो तर जाळी विणणारे सगळे उठून पाठ फिरवून बसले. मालनने माझी वळकटी बाहेर पडवीत टाकली होती आणि दाराला आतून कडी. चहाला दत्तारामच्या हॉटेलात गेलो. मालवणकडचा माणूस, रोज गप्पा मारणारा. त्याने माझ्या देखत माझा कप फोडला आणि म्हणाला, "हय येव नको." जुनाट, अडाणी गाव! यांच्या बापाचा समुद्र आहे?

२३ जुलै

कुणी बोलत नाही. विहिरीवर गेलो की बायका घागरी उचलून चालू लागतात. काल पाठीत दगड बसला, कुणाचा ते कळलं नाही.

पण लिहायचं ते दुसरंच. भांग जवळ आली, समुद्र निजायला हवा. निजलाच आहे, ताटासारखा सपाट. फक्त मी बसतो त्याच्या बरोबर समोर ती लाट उठते. उत्तरेला लांब चालत गेलो, तिथे उठली. माघारी आलो, इथे.

वारा नाही. भरतीही नाही.

२६ जुलै

पुरे झालं म्हणून फळी टाकून अंधेरीच्या रस्त्याला लागलो. समुद्र मागे राहिला होता. दोन्हीकडे भाताची खाचरं, गुडघाभर पावसाचं पाणी. ते हललं. वर आलं, डावीकडून उजवीकडे उलगडलं आणि माझ्या समोर रस्त्यावर फुटलं. तोंडात गेलं ते खारट. बांधावर एक म्हैस बांधली होती. दावं तेवढं उरलं.

धावत परत आलो. मालन कुंपणापाशी उभी होती. एका आठवड्यात पहिल्यांदा बोलली, तेही लांबून. "दर्यान नारल परत नाय तवर तू तिचा. घरा जाव नको. जाशील थं ती येल."

घाटकोपरची आमची खोली तळमजल्याची. दारातच नळ आणि हौद. उत्तरा दिवसभर त्या हौदापाशी असते.

नाही जाणार. तीन ऑगस्टला नारळ पडेल, तोवर इथेच. उत्तराला कार्ड टाकलं: येऊ नकोस, कारण विचारू नकोस, मी पुनवेनंतर येतो.

३० जुलै

वाळूवरच राहतो, माणसांपासून दूर. तहान फार. घागर तोंडाशी नेली की आतलं पाणी वर चढतं — कडेने फेस —

पावसाचं चाटतो. तेही खारट लागायला लागलं.

भिऊन गेलोय. स्वच्छ लिहितो, भिऊन गेलोय.

१ ऑगस्ट

गावात नारळाला सोनेरी कागद चढवताहेत. ढोल ऐकू येतो. दोन दिवस. उत्तरा घरी आहे, सुखरूप आहे. तेवढं धरून बसायचं.

लाट जवळ फुटते आता. पाय काढून घेतले —

२ ऑगस्ट

उत्तरा आली.

सकाळच्या बसने. माझ्या कार्डानेच घाबरली. असं तुटक तुम्ही कधी लिहीत नाही, म्हणाली. मी ओरडलो, जा, मागे फिर, शिव्याही दिल्या. जन्मात दिल्या नव्हत्या. पळत खडकांवर आलो. ती वाळूत फतकल मारून बसली आहे, पोटावर हात ठेवून. "तुम्हाला घेतल्याशिवाय मी हलायची नाही."

मालन तिला वरून हाका मारते आहे. ऐकत नाही —

पाणी मागे चाललंय. कधी उघडे न पडलेले खडक — मासे तडफडताहेत — इतकं मागे कधी —

ते इथवर यायच्या आत मीच गेलो तर. सरळ आत. मला घेऊन तिथेच थांबेल. उत्तरापर्यंत यायचं कारणच उरणार नाही. जातो. वही खडकात खोचून —

उत्तरा उठली. मला पाण्याकडे वळलेला पाहिलं तिने.

पळतेय. माझ्याकडे नाही, आडवी — मला अडवायला — उघड्या तळावरून, माझ्या आणि —

उत्तरा, मागे