पाकीट बंबात घालू नका

सिंगापूर,
१२ फेब्रुवारी २००१

अहो,

मी सुखरूप आहे. दीपेशही बरा आहे. तुमचा खोकला कसा आहे? शेजारून उर्सुला डबा देते ना, की नुसत्या चहावर दिवस ढकलताय? आणि एक सांगते, तुमच्या सवयीप्रमाणे पाकीट लगेच बंबात घालू नका. का ते पुढे कळेल.

इथे सगळं बघण्यासारखं आहे. सिंहाचं तोंड आणि माशाची शेपटी असलेला मोठा पुतळा बघितला. तोंडातून अखंड पाणी सोडतो. तुम्ही असतात तर त्या पाण्यात किती केळी भिजतील त्याचा हिशेब मांडला असतात. दीपेश सकाळी कामावर जातो तो दिवेलागणीला येतो. म्हणून त्याने मला फिरायच्या बसचं तिकीट काढून दिलंय. मी एकटीच जाते हो! पर्स छातीशी धरून.

पुतळ्यापाशी एका चिनी जोडप्याने हाताने खुणावलं, फोटो काढा म्हणून. काढला. मग त्या बाईने माझा काढायला घेतला. मी उगाच थोडी बाजूला सरकून उभी राहिले, तुम्हाला जागा ठेवल्यासारखी. फोटो आला की बघाल, आणि हसाल.

पक्ष्यांच्या बागेत एका पोपटाशी अर्धा तास मराठीत बोलले. घरी चौदाव्या मजल्यावर दुसरं कोण आहे बोलायला? लिहायचं नव्हतं, पण मला इथे फार एकटं वाटतं. पोराला सांगत नाही. त्याच्या घरात एकच ताट होतं, मी आल्यावर त्याने दुसरं आणलं. एरवी ओट्याशी उभ्यानेच जेवतो म्हणे. दोन वर्षं असाच जेवला असेल.

मी निघताना तुम्ही म्हणालात, "मी नाय येनार. केळीला पानी कोन देनार?" पाणी द्यायला उर्सुलाचा मुलगा व्हॅलेरियन होता, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्ही का आला नाहीत ते मला ठाऊक आहे. "गेलास तर वाडीत पाय ठेवू नको," हे तुम्ही दोन वर्षांपूर्वी बोललात, दीपेश मुकाट्याने गेला, आणि तेव्हापासून दोघांचीही तोंडं शिवलेली.

काल रविवार. त्याने मला झाडांच्या बागेत नेलं. तिथे केळी आहेत, प्रत्येकीसमोर नावाची पाटी. एकीचा सुका पाला लोंबत होता. माझा हात गेला. एक ओढला, दुसरा ओढला, सवयीने बुंध्याशी अंथरलासुद्धा! तेवढ्यात शिट्टी. गणवेशातला माणूस धावत आला. दीपेशने इंग्रजीत माफी मागितली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता हा चिडणार.

तो चिडला नाही. मी ओढलेल्या पाल्याबरोबर निघालेली सोपटाची, केळीच्या सुक्या सालीची, एक पट्टी त्याच्या हातात राहिली होती. आपण विड्याच्या पानांच्या जुड्या बांधतो तसा तो तिला पीळ देत होता. बोटं विसरली नव्हती. खाली बघतच म्हणाला, "यंदा राजेळी केळ लावली का आबांनी?"

दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'आबा' ऐकलं. मी म्हटलं, "तूच विचार की." तो बसथांब्याकडे वळला. पट्टी मात्र बसमध्येही टाकली नाही.

तो मला इथेच राहा म्हणतो. मी पंचवीस तारखेला परत येतेय. तुम्हाला सोडून मला राहवणार नाही, आणि त्याला असं सोडून निघवणारही नाही.

आता पाकिटाचं. तुमचं नाव मी उखाण्यापलीकडे कधी घेतलं नाही, लिहिलं तर नाहीच. आज सकाळी तो निघायच्या गडबडीत होता, त्याच्यापुढे पाकीट धरलं, म्हटलं, नाव तू घाल. "आई, आता काय ते जुनं घेऊन बसलीस?" म्हणाला. मी पेन हातात दिलं. 'श्री.' लिहून तो थांबला. मला वाटलं, उशीर झाला म्हणून ठेवून जाईल. पण त्याने ते पाकीट बाजूला सारलं, दुसरं घेतलं, आणि 'तीर्थरूप' लिहून पुढे तुमचं नाव घातलं.

एकदा बघा ते अक्षर. मग हवं तर हे पत्र घाला बंबात. पाकिटामागे त्याचा पत्ता आहे, तोही त्यानेच लिहिलाय. राजेळी लावली की नाही, एवढंच कळवा. मला नको, त्याला.

तुमची,
दीपेशची आई