ती पेटी परत मिटून ठेव

धाकटे, तुला आणि मुलांना आशीर्वाद.

लेकाकडे मी मजेत आहे. वाचायला पुस्तकंही मिळतात. तुझा खोकला थांबला का?

तुझ्याकडे ठेवून आलेल्या त्या गुप्त कळीच्या पेटीबद्दल तू लिहिलंस, ‘दाजींची लाकडी पेटी चुटकीसरशी उघडली, त्यांनीच युक्ती शिकवली होती.’ वाचल्यावर ताट बाजूला सारलं. मला ते त्यातूनच कधी पिना, कधी बांगड्या द्यायचे. शिकवा म्हटलं, की म्हणायचे, “मग माझं काय काम उरेल?” मेहुणी लाडकी असते हे ऐकून होते, पण इतकी? आता गेलेल्या माणसाशी भांडू तरी कशी?

त्यांनी जाण्याआधी माझ्यासाठी ठेवलेली शेवटची भेट आहे तिच्यात. काय निघालं ते कळवू नकोस. होतं तसं ठेवून पेटी मिटव. मी आले की युक्ती सांग, पण उघडू मला दे.

रुसलेली, तरी तुझीच,
ताई