एमिलीची गाठ

वेरिबी, मेलबर्न

ती. बाबांना,
इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

युनिव्हर्सिटीत सध्या माणूस कसा शिकतो हेच शिकवतात. काही म्हणतात, सराव आणि शाबासकी पुरे. काही म्हणतात, मूल स्वतःच धडपडून समजून घेतं. आणखी काहींच्या मते जाणत्याचा हात लागतोच. वाचताना सगळेच पटतात, वर्गात मात्र माझा गोंधळ उडतो.

परवा प्लेसमेंटच्या, म्हणजे शिकवण्याच्या सरावाला पाठवलेल्या, शाळेत सहा वर्षांची एमिली बुटाची लेस बांधताना रडकुंडीला आली. मी तिचे हात धरून गाठ मारली. माझा रिपोर्ट लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, "ती शिकली, की तूच बांधलीस?" रिपोर्ट वाईट आला तर हा विषय पुन्हा शिकावा लागेल, पण बहुतेक तसं होणार नाही.

आज एमिलीने आपली आपण गाठ मारली, वेगळ्याच पद्धतीने. कोणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, "नोबडी."

बाबा, तुम्ही तीस वर्षं फळ्यापुढे उभे होतात. मुलं नेमकी कशाने शिकतात, हे तुम्हाला कधी कळलं का? नसेल कळलं, तर तसंच लिहा. मला बरं वाटेल.

तुमची,
चिन्मयी